जुनं जॅझ, जुने ब्लूज: एका संचाच्या पहिल्या सहा गाण्यांवरच अडकलो

खर्जातला

जुनं जॅझ ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी, असं मागे एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं. तिथे ज्याने त्याने आपापल्या लाडक्या नावांची यादी ओतली आणि विचारणारा बहुधा घाबरून पळाला. म्हणून हा वेगळा धागा. एकच संच घेऊ, आणि त्यातलीही फक्त पहिली सहा गाणी.

संच आहे 'द स्मिथसोनियन कलेक्शन ऑफ क्लासिक जॅझ'. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने 1973 साली काढलेला, सहा एलपी तबकड्यांचा. निवड मार्टिन विल्यम्स या समीक्षकाची. तोवर कोलंबिया ही रेकॉर्ड कंपनी आपल्या कपाटातलं काढायची, व्हिक्टर आपल्या. एखाद्या वादकाने चार कंपन्यांकडे वाजवलं असेल तर त्याचे चार तुकडे चार ठिकाणी. इथे वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एका खोक्यात आला. अमेरिकन कॉलेजांत पुढे कित्येक वर्षं याच्यावर जॅझ शिकवलं गेलं. 1987 मध्ये सुधारित आवृत्तीही निघाली.

आता गंमत बघा. पहिलं गाणं: स्कॉट जॉप्लिनचा 'मेपल लीफ रॅग', 1899 साली छापलेला. (रॅग म्हणजे जॅझच्या आधीची, लिहून छापलेली पियानोची बंदिश.) इथे आहे तो जॉप्लिनच्या हातचा 1916 चा पियानो रोल, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदावरून पियानो आपोआप वाजतो तो प्रकार. जॉप्लिन तोवर आजारी होता, पुढच्याच वर्षी गेला. दुसरं गाणं: तोच 'मेपल लीफ रॅग', पण जेली रोल मॉर्टनने वाजवलेला. बंदिश तीच, पण डावा हात मोकळा सुटलाय, उजवा हात मधूनच रेंगाळतो, मधूनच ढकलतो. जॉप्लिनकडे जे सरळ चालत होतं ते मॉर्टनकडे झुलायला लागतं. विल्यम्सने एकही व्याख्यान न देता रॅग कुठे संपतो आणि जॅझ कुठे सुरू होतं ते दाखवून टाकलंय. एवढ्या एका जोडीसाठी मी त्याला सलाम करतो.

तिसरं, रॉबर्ट जॉन्सनचं 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल'. हा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं. एकटा माणूस, एक गिटार. चौथं आणि पाचवं बेसी स्मिथचं: 'सेंट लुइस ब्लूज' आणि 'लॉस्ट युवर हेड ब्लूज'. सहावं, किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडचं 'डिपरमाउथ ब्लूज'. यात दुसऱ्या कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य) विशीतला लुई आर्मस्ट्राँग आहे, पण शोधून काढावा लागतो. खरा मान गुरूचा. ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडावर झाकण हलवत सलग तीन आवर्तनं वाजवतो, आणि ती पुढे पिढ्यान् पिढ्या लोकांनी जशीच्या तशी पाठ केली.

ज्यांनी ऐकलंय त्यांनी लिहा, ज्यांनी नाही त्यांनी आधी ऐका. ही सगळी गाणी सुटी सुटी इंटरनेटवर सहज मिळतात.

अनुजा_ठाणे

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. फोनवर 'डिपरमाउथ' लावलं तर सगळे वादक एका पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखे वाटतात. ड्रम तर ऐकूच येत नाही, कोणीतरी लाकडावर टकटक करतंय एवढंच. माझा फोन वाईट की मूळचंच असं?

खर्जातला

अनुजाताई, फोनला दोष देऊ नका. लाकडावर टकटक हेच त्या रेकॉर्डिंगमधलं ड्रमवादन आहे.

हे 6 एप्रिल 1923 चं. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी स्टार नावाचा पियानोचा कारखाना होता, त्यांचीच गेनेट ही रेकॉर्ड कंपनी. मायक्रोफोन नाही. भिंतीतून एक मोठं भोंगं आत आलेलं, सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून वाजवायचं. आवाजाच्याच जोराने सुई थरथरणार आणि मेणात खाच कोरणार. मोठा ड्रम दणकला की सुई उडी मारणार, म्हणून बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. आर्मस्ट्राँगचा फुंकर इतका दांडगा की त्याला बाकीच्यांपासून लांब उभं केलं होतं, असं लिल हार्डिन पुढे सांगायची. ती या बँडची पियानोवादक, आणि वर्षभरात आर्मस्ट्राँगची बायको झाली. शेजारूनच रेल्वेचा फाटा जायचा. गाडी आली की काम बंद.

त्याच गेनेटने त्याच काळात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या रेकॉर्डीही पैसे घेऊन छापून दिल्या. जो गिऱ्हाईक येईल त्याची तबकडी छापायची, एवढाच हिशोब.

विजेचं रेकॉर्डिंग 1925 मध्ये आलं. 'सेंट लुइस ब्लूज' भोंग्यातलं आहे, 'लॉस्ट युवर हेड' विजेवरचं. बेसीची ही दोन गाणी लागोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

पायपेटी

बेसीचं 'सेंट लुइस ब्लूज' निघालंच आहे तर माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा मांडतो. त्यात साथीला चक्क हार्मोनियम आहे! 14 जानेवारी 1925, न्यूयॉर्क. बेसी गाते, आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर आणि फ्रेड लाँगशॉ नावाचा वादक पेटीवर. तिघंच. ड्रम नाही, बँजो नाही.

आपला पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, सूर उचलतो, जागा भरतो. लाँगशॉ यातलं काहीच करत नाही. तो फक्त भरदार सूरसंगती धरून ठेवतो आणि सावकाश बदलतो. पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो, पेटीचा तसाच राहतो, त्यामुळे खाली एक जमीन तयार होते. जागा भरायचं काम आर्मस्ट्राँगकडे. ब्लूजची एक ओळ चार बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचं एक माप). त्यातले साधारण दोन बार बेसी गाते आणि उरलेले रिकामे सोडते. त्या रिकाम्या जागेत कॉर्नेट उत्तर देतो. पहिली ओळ, उत्तर. तीच ओळ परत, वेगळं उत्तर. तिसरी ओळ, जिच्यात गोष्ट पुढे सरकते, आणि शेवटचं उत्तर. बारा बार पुरे. बेसी मात्र घाईला येत नाही. ती इतकी संथ आहे की पुढचा शब्द येतो की नाही अशी धाकधूक लागते.

आपल्याकडे 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, कारण काय तर परकं वाद्य, मींड निघत नाही. बेसीने मींड पूर्णपणे गळ्यात ठेवली आणि पेटीला खाली बसवलं. तक्रार कुठेच नाही.

चपडी_लाख

माझ्या आयडीला आज न्याय मिळणार. या सगळ्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या. दगडाची पूड, काजळी असलं बरंच काही त्यात मिसळायचे, पण सगळं धरून ठेवणारी ती लाख, आणि जगाला लाख पुरवण्यात सगळ्यात मोठा वाटा भारताचा, मुख्यतः छोटा नागपूर आणि बंगालकडचा. पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरच्या किड्यांनी केलेली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग अडले तेव्हा अमेरिकेत 1942 साली लाखेवर रेशनिंग आलं आणि जुन्या तबकड्या परत गोळा करून वितळवायला लागले. त्यात ब्लूजच्या किती गेल्या असतील कोण जाणे.

आणि अनुजाताई, खरखर सगळीकडे सारखी नसते. पॅरामाउंट कंपनीच्या तबकड्या सगळ्यात वाईट. ती मुळात विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची पोटशाखा. फोनोग्राफची कपाटं बनवता बनवता तबकड्या काढायला लागले. माल स्वस्तातला. पण ब्लूजची गायिका मा रेनी त्यांच्याकडे, गिटारवाले गायक ब्लाइंड लेमन जेफरसन त्यांच्याकडे, चार्ली पॅटन आणि स्किप जेम्सही त्यांच्याकडेच. सोनं गोणपाटात बांधलेलं.

शिकागोची_सून

खर्जातला साहेब, धागा झकास, पण तुमच्या त्या मार्टिन विल्यम्सशी माझं भांडण आहे.

तुम्ही गाणी दिलीत त्या क्रमाने तारखा लिहून बघा. जॉन्सनचं 'हेलहाउंड' 20 जून 1937 चं, डॅलसमधलं. बेसीची दोन्ही गाणी 1925 आणि 1926 ची. म्हणजे जो माणूस दहा-बारा वर्षांनी आला तो आधी, आणि बेसी त्याच्या मागून. ऐकणाऱ्याचा समज काय होणार? आधी मिसिसिपीच्या शेतातला एकटा गिटारवाला, तोच मूळ झरा, आणि मग त्यातून शहरातल्या बायका निघाल्या. झालं होतं उलट.

10 ऑगस्ट 1920 ला मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायलं. काळ्या गायिकेने गायलेली ब्लूजची ती पहिली तबकडी, आणि ती इतकी खपली की कंपन्यांना अचानक दिसलं, अरेच्चा, काळी माणसंही तबकड्या विकत घेतात. मग सगळे गायिकांच्या मागे धावले. 1923 मध्ये बेसीची पहिली तबकडी आली, 'डाउनहार्टेड ब्लूज'. ते गाणं अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोघींनी रचलेलं, आणि अल्बर्टाने स्वतः ते वर्षभर आधीच गायलं होतं. मा रेनीने पाच-सहा वर्षांत शंभरच्या आसपास गाणी दिली. या बायका तंबूंत, थिएटरांत बँड घेऊन गायच्या, पिसांच्या टोप्या आणि मोत्यांच्या माळा घालून. गिटार घेतलेला एकटा पुरुष रेकॉर्ड कंपन्यांना जोरात सापडायला लागला तो 1926 मध्ये, ब्लाइंड लेमनपासून.

जॉन्सनच्या हयातीत त्याची एकच तबकडी बऱ्यापैकी चालली, 'टेराप्लेन ब्लूज'. 1938 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. तो राजा झाला 1961 मध्ये, कोलंबियाने त्याची सोळा गाणी एका एलपीवर काढून वर नावच 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' ठेवलं तेव्हा. इंग्लंडमधल्या गिटारवाल्या पोरांनी ती उचलली आणि ब्लूज म्हणजे गिटार हे समीकरण पक्कं झालं. मेमी स्मिथ आणि मा रेनी या संचात नाहीतच. संग्रह करणारे बहुतेक पुरुष, त्यांना दुर्मीळ तबकडी हवी. बेसीची तबकडी घरोघरी होती, तिच्यात शिकारीची मजा कुठली!

बेसीला कोलंबियाने गाण्यामागे ठरलेली रक्कम दिली. रॉयल्टी नाही. एवढं सांगून थांबते.

तुतारी_मास्तर

सूनबाई +१००. त्यात भर घालतो. 'हेलहाउंड' हे मूळ वगैरे तर नाहीच, ते तबकडी ऐकून आलेलं गाणं आहे. स्किप जेम्सचं 1931 चं 'डेव्हिल गॉट माय वुमन' लावा आणि मग जॉन्सन लावा. चाल, तो उंच बारीक आवाज, सगळं ओळखीचं निघेल. जॉन्सन लेरॉय कारचा पियानो ऐकून तो गिटारवर आणणारा, कोकोमो अर्नल्डच्या ओळी उचलणारा माणूस. त्याच्या काळातला एक हुशार, चौकस, तबकड्या पिऊन बसलेला तरुण. हा हात मिळवायला जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला ही कथा लोकांना आवडते, कारण रियाज केला असं म्हटलं की गोष्टच संपते.

खर्जातला

सूनबाई, तारखांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण विल्यम्सच्या बाजूनेही दोन शब्द ऐका.

त्याची अडचण अशी की मुळाचं ध्वनिमुद्रणच नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये सगळे ज्याचं नाव घेतात त्या बडी बोल्डनचा एक सूरही हाती नाही. 1907 मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि 1931 मध्ये तो तिथेच गेला. जॅझची म्हणून पहिली तबकडी निघाली ती 1917 मध्ये, ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँडची, आणि ते पाचही गोरे. विल्यम्सने त्यांना संचात घेतलंच नाही. पहिले आले म्हणून पहिला मान द्यायचा नाही, हे त्याने ठरवूनच केलं असणार, आणि मला ते पटतं. मग 1900 च्या आसपासचं संगीत ऐकवायचं कशावरून? नंतरच्या माणसांनी मागे वळून वाजवलेल्यावरून. यादीतलं दुसरं, मॉर्टनचं गाणंही त्यातलंच. ते 1938 चं आहे, वॉशिंग्टनमधल्या काँग्रेस लायब्ररीतलं. ॲलन लोमॅक्सने त्याला पियानोपुढे बसवलं आणि मॉर्टन आठवणी सांगत, वाजवत राहिला. जॅझ 1902 मध्ये मीच शोधून काढलं, असं छातीठोक सांगणारा हा गृहस्थ. तो दावा सोडून द्या, पण जुनी शैली हातात असलेला आणि ती समजावून सांगू शकणारा त्याच्याएवढा दुसरा नव्हता.

जॉन्सनला आधी ठेवण्यामागेही हाच विचार असावा: गायनाचा हा घाट जुना, तबकडी नवी. मा रेनीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने. तिला वगळण्याचं समर्थन होत नाही.

शिकागोची_सून

घाट जुना ठरवला कोणी? पेटी आणि कॉर्नेट घेऊन गाणारी नवी, आणि गिटार घेऊन गाणारा जुना, हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं. गाव म्हणजे जुनं, शहर म्हणजे नवं. बेसीचा जन्म टेनेसीतल्या चॅटनूगाचा, लहानपणी रस्त्यावर गाऊन पैसे मिळवायची. ती जॉन्सनपेक्षा वयाने मोठी, आणि तिचं गाणंही.

खर्जातला

याला उत्तर नाही माझ्याकडे.

बार्देशकर

आमच्या गोंयच्या बाजूने एक धागा जोडतो, उगाच ओढून ताणून नव्हे. आर्मस्ट्राँगच्या 1926 च्या रेकॉर्डिंगांत दोन गाणी शिकागोच्या अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्राबरोबरची आहेत. हा ऑर्केस्ट्रा व्हेंडोम थिएटरात मूकपटांना साथ करायचा. त्यात पियानोवर आहे टेडी वेदरफर्ड. हाच वेदरफर्ड पुढे शांघायला गेला, तिथून मुंबईला आला, ताजमध्ये वाजवायचा. नंतर कलकत्त्याला ग्रँड हॉटेलात. 1945 मध्ये कलकत्त्यातच पटकीने गेला. म्हणजे आर्मस्ट्राँगच्या खांद्याला खांदा लावून वाजवलेला माणूस ताजमध्ये प्रत्यक्ष ऐकायला मिळत होता, आणि आमच्या गोव्याच्या वादकांनी तसल्या माणसांबरोबर बसून हात तयार केले.

त्यातलाच हळदोण्याचा चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट आर्मस्ट्राँगसारखं, आवाजही त्याच्यासारखा घोगरा काढायचा. पुढे सी. रामचंद्रांच्या हाताखाली संगीत जुळवायचा. 1951 चा 'अलबेला' पुन्हा बघा, पडद्यावरही दिसेल. चितळकर अण्णांच्या गाण्यांत जो पितळी वाद्यांचा भडका आहे, तो शिकागोहून असा मजल दरमजल आला.

पायपेटी

बार्देशकर, वा! हे माहीत नव्हतं.

वेगाबद्दल एक सांगायचं राहिलं. 78 नावालाच. त्या काळात तबकड्या थोड्या कमी-जास्त वेगानेही कोरल्या जायच्या. 78 ची तबकडी 80 ने फिरवली तर पट्टी जवळजवळ पाव सुराने चढते आणि गाणंही पळतं. आपल्या जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांवरून 'बुवांची पट्टी कुठली' यावर वाद झडतात, तसेच जॉन्सनवरही झडलेत. त्याची गाणी वेग वाढवून विकली असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दोन शहरांत, सात महिन्यांच्या अंतराने झालेल्या रेकॉर्डिंगांत एकसारखीच चूक कशी होईल? पण संच विकत घेताना वेग आणि सफाई कोणी केली ते जरूर बघा. खरखर पार पुसून टाकलेल्या आवृत्त्यांत बेसीचा श्वासही पुसला जातो. मला खरखर चालेल.

भैरवी_नंतर

संकलनांचाच विषय आहे तर सगळ्यात लांब गेलेलं संकलन विसरू नका. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी लावली, तिच्यावर जगभरचे 27 संगीताचे तुकडे. त्यात ब्लाइंड विली जॉन्सनचं 1927 चं 'डार्क वॉज द नाइट', ज्यात शब्द नाहीत, नुसतं हुंकारणं आणि गिटारवर सरकणारा सूर. आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हन या बँडचं 'मेलँकली ब्लूज', तेही 1927 चं. आणि आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. मराठी माणसाने जुने ब्लूज ऐकायला आणखी कसलं निमित्त हवं?

ती भैरवीही 78 फेऱ्यांच्या तबकडीवरची, साडेतीन मिनिटांच्या आत उरकलेली. मैफिलीत तास तास गाणाऱ्या बाई आणि रात्रभर नाचवणारा ऑलिव्हरचा बँड, दोघांनाही लाखेच्या त्याच तीन मिनिटांत मावावं लागलं. व्हॉयेजर-1 उडालं 5 सप्टेंबरला, केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला.

हॉट सेव्हनमध्ये क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स आणि ड्रमवर त्याचा भाऊ बेबी. म्हणजे 'डिपरमाउथ'वाले दोघेही भाऊ यानात आहेत. बेबीला 1927 मध्ये ठोकळे सोडून थोडं जास्त वाजवू दिलं होतं हे बरं झालं.

अनुजा_ठाणे

सूनबाईंचं ऐकून तारखेप्रमाणे यादी लावली: जॉप्लिन 1916, ऑलिव्हर 1923, बेसी 1925, बेसी 1926, जॉन्सन 1937, मॉर्टन 1938. या वेळी हेडफोन लावून.

पहिली गोष्ट, बेसी आता ऑलिव्हरच्या लगेच मागून येते, आणि तिच्याबरोबरचा कॉर्नेट म्हणजे आधीच्या गाण्यात लपलेला तो पोरगा हे लक्षात येतं. दोन वर्षांत काय झालंय त्याचं! मूळ यादीत ही दोन गाणी उलटी आहेत, त्यामुळे मला ते कळलंच नव्हतं.

दुसरी, जॉन्सन एवढ्या सगळ्यानंतर ऐकला की तो पुरातन वगैरे वाटत नाही, उलट सहांत सगळ्यात आजचा वाटतो. गिटारवर दोन माणसांचं काम एकटा करतोय.

पण खर्जातला काका, तुमचं नुकसान झालं. जॉप्लिन पहिला आणि मॉर्टन शेवटचा गेल्यामुळे 'मेपल लीफ'ची ती जोडी फुटली. तेवढ्यासाठी विल्यम्सची यादी ठेवून दिली आहे. आता दोन्ही याद्या फोनवर आहेत.

खर्जातला

दोन्ही ठेवा. आणि मधे मा रेनीचं 'सी सी रायडर' घाला, 1924 चं. कॉर्नेटवर पुन्हा तोच पोरगा आहे.